तेरा, सोळा की एकोणीस : इश स्मिथच्या कारकिर्दीचे कागद

अमेरिकेतल्या एनबीए या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये सर्वांत जास्त संघांकडून खेळलेला खेळाडू म्हणजे इश स्मिथ. आकडा तेरा. ऑक्टोबर २०२२ मध्ये तो डेन्व्हर नगेट्सकडून कोर्टवर उतरला आणि चकी ब्राउन, टोनी मॅसनबर्ग, जिम जॅक्सन व जो स्मिथ या चौघांचा बारा संघांचा विक्रम मागे पडला. इश स्मिथबद्दल जिथे चार ओळी छापल्या जातात तिथे पहिल्या ओळीत हा तेराचा आकडा असतो आणि बहुतेक वेळा मजकूर तिथेच आटोपतो. बारा दारांवरून परत पाठवलेला माणूस, असा त्याचा अर्थ वाचणाऱ्याच्या मनात आपोआप बसतो. कागद तारीखवार लावून पाहिले की हा अर्थ टिकत नाही, असं माझं म्हणणं आहे.

कागद मुख्यतः दोन प्रकारचे. एक, लीगमधल्या व्यवहारांची नोंद : अमुक तारखेला अमुक क्लबने अमुक खेळाडूशी करार केला, त्याला सोडलं किंवा दुसऱ्याच्या बदल्यात दिलं. दुसरा, सामन्यांचे बॉक्स स्कोअर : कोण किती मिनिटं खेळला, किती फेकी टाकल्या, किती लागल्या, किती असिस्ट (म्हणजे सहकाऱ्याला गुण मिळवून देणारे पास) दिले, चेंडू किती वेळा गमावला. खेळाडू बाकावरच बसून राहिला असेल तर त्याच्या नावापुढे आकड्यांऐवजी, प्रशिक्षकाच्या निर्णयामुळे खेळला नाही, एवढाच शेरा असतो. बखर आणि अस्सल पत्र यांत तफावत पडली तर पत्रावर विसंबायचं, हा इतिहासकार राजवाड्यांपासून आपल्याकडे रुजलेला दंडक. इथली अडचण वेगळी आहे. इथे दोन्ही वह्या अस्सल आहेत आणि तरीही त्यांचा एकमेकींशी मेळ बसत नाही.

व्यवहारांच्या वहीत स्मिथ एकोणीस वेळा एखाद्या क्लबात दाखल होतो. सामन्यांच्या वहीत सोळा वेळा. तेरा हा आकडा त्यातली पुनरावृत्ती वगळल्यावर उरतो. एकोणीस आणि तेरा यांच्यामधले सहा प्रवेश कुठले, हे शोधलं की गोष्ट उलगडायला लागते. ते सहा प्रवेश म्हणजे त्याला आधी एकदा पाहिलेल्या, वापरलेल्या, सोडलेल्या क्लबांकडे तो पुन्हा गेला ते प्रसंग. पहिला प्रवेश धरून मोजलं तर ह्यूस्टनकडे दोनदा, न्यू ऑर्लिन्सकडे दोनदा, फिलाडेल्फियाकडे दोनदा, शार्लटकडे दोनदा, वॉशिंग्टनकडे तीनदा.

इश्माएल लॅरी स्मिथ, जन्म ५ जुलै १९८८, शार्लट, नॉर्थ कॅरोलायना. शाळा जवळच्याच काँकर्डची, सेंट्रल कबॅरस हायस्कूल. कॉलेज त्याच राज्यातलं वेक फॉरेस्ट. उंची सहा फूट, म्हणजे रस्त्यावर उंच आणि या खेळात बुटका. पॉइंट गार्ड, म्हणजे चेंडू पुढे नेऊन डाव मांडणारा. वेक फॉरेस्टला अशा खेळाडूंची परंपरा आहे : पाच फूट तीन इंचांचा मग्सी बोग्ज तिथलाच, ख्रिस पॉलही तिथलाच. स्मिथ २००६ मध्ये तिथे गेला. पहिल्या हंगामानंतर, जुलै २००७ मध्ये, त्याला आणणारे प्रशिक्षक स्किप प्रोसर अचानक वारले. पुढची तीन वर्षं तो डिनो गॉडिओंच्या हाताखाली खेळला. जानेवारी २००९ मध्ये हा संघ देशात पहिल्या क्रमांकावर होता. त्या संघातला दुसरा गार्ड जेफ टीग त्याच वर्षी एनबीएच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे क्लबांनी नवे खेळाडू पाळीपाळीने निवडण्याच्या प्रक्रियेत, एकोणिसाव्या क्रमांकावर निवडला गेला. स्मिथ चौथ्या वर्षासाठी कॉलेजातच थांबला आणि बाहेर पडला तेव्हा कॉलेजच्या असिस्टच्या यादीत त्याच्या पुढे फक्त बोग्ज होता.

मार्च २०१० मधले दोन सामने शेजारी ठेवून वाचावेत असे आहेत. १८ मार्च, न्यू ऑर्लिन्स, राष्ट्रीय कॉलेज स्पर्धेची पहिली फेरी. वेक फॉरेस्ट ८१, टेक्सास ८०, जादा वेळेत. १.३ सेकंद उरले असताना विजयी फेक स्मिथची. दोनच दिवसांनी त्याच शहरात केंटकीविरुद्ध वेक फॉरेस्ट ९०–६० असा हरला. केंटकीचा पॉइंट गार्ड होता जॉन वॉल, तोही नॉर्थ कॅरोलायनाचाच.

तीन महिन्यांनी, २४ जूनला न्यू यॉर्कमध्ये ड्राफ्ट झाला. दोन फेऱ्या, तीस-तीस निवडी, एकूण साठ नावं. यादीतलं पहिलं नाव जॉन वॉल, वॉशिंग्टन. साठावं नाव संपतं तरी इश स्मिथ येत नाही. या गैरहजेरीला व्यावहारिक अर्थ आहे. पहिल्या फेरीतल्या खेळाडूचा पगार ठरलेला असतो आणि पहिल्या दोन वर्षांची त्याला हमी असते. दुसऱ्या फेरीतल्याला निदान एका क्लबने हक्क बजावून आपलं म्हटलेलं असतं. यादीबाहेरच्याला सराव शिबिरात जागा मिळते, तीही कुणी बोलावलं तर. ह्यूस्टनने बोलावलं. नोव्हेंबरच्या सुरुवातीला त्यांच्या ॲरन ब्रुक्सचा घोटा दुखावला आणि बाकावरचा स्मिथ खेळू लागला.

इथून पुढे जवळजवळ प्रत्येक प्रवेशाच्या मागे कुणाचा तरी घोटा, गुडघा किंवा हात आहे. म्हणूनच स्मिथच्या नोंदी एकट्याने वाचून भागत नाही, शेजारी त्या क्लबातल्या जखमींची यादी ठेवावी लागते.

२४ फेब्रुवारी २०११ रोजी ह्यूस्टनने शेन बॅटिए आणि इश स्मिथ मेम्फिसला दिले. बदल्यात हशीम थबीट, डमारे कॅरोल आणि पुढच्या एका ड्राफ्टमधली पहिल्या फेरीची निवड घेतली. सौदा बॅटिएचा होता. पण दोन खेळाडू येणार तर दोन जायला हवेत, कारण संघातल्या जागा पंधराच. दुसऱ्या नावाचं काम ती जागा मोकळी करण्याचं. २१ फेब्रुवारी २०१३ चा सौदाही असाच : ऑर्लँडोकडून मिलवॉकीला जे. जे. रेडिक, गुस्तावो आयोन आणि स्मिथ, तिकडून टोबायस हॅरिस व इतर. सहा महिन्यांनी, ऑगस्टमध्ये, मिलवॉकीला केरन बटलर हवा होता, जो त्याच राज्यातल्या रसीन गावचा. त्याच्यासाठी स्मिथ आणि स्लावा क्रावत्सोव्ह फीनिक्सला गेले. या तिन्ही सौद्यांत मुख्य नाव दुसऱ्याच कुणाचं आहे. त्याला सोबतीला जोडलेला खेळाडू म्हणणारे लोक इथवर बरोबर आहेत.

मधल्या काळात गोल्डन स्टेटचा एक छोटा मुक्काम आहे. डिसेंबर २०११ मध्ये मेम्फिसने त्याला सोडलं आणि गोल्डन स्टेटने वेव्हरवरून उचललं. वेव्हर म्हणजे क्लबने सोडलेल्या खेळाडूवर इतरांना हक्क सांगण्यासाठी मिळणारे ४८ तास. जो क्लब हक्क सांगेल त्याने त्याचा चालू करार जसाच्या तसा उचलायचा. कुणीच पुढे आलं नाही तर खेळाडू मोकळा. त्या दिवसांत गोल्डन स्टेटच्या स्टीफन करीचा घोटा त्याला सतावत होता. करीही १९८८ सालचाच आणि शार्लटमध्येच वाढलेला. तो आजपर्यंत त्या एकाच क्लबात आहे. स्मिथ मोजके सामने खेळला आणि २०१२ च्या सुरुवातीला ऑर्लँडोला गेला. ऑर्लँडोचे मुख्य प्रशिक्षक होते स्टॅन व्हॅन गंडी आणि त्यांच्या साहाय्यकांत होते स्टीव्ह क्लिफर्ड. ही दोन नावं वाचकाने ध्यानात ठेवावीत.

फीनिक्समध्ये २०१३–१४ च्या हंगामात स्मिथ ७० सामने खेळला. चौथ्या वर्षी प्रथमच त्याला एका क्लबात अख्खा हंगाम मिळाला. संघाने ४८ सामने जिंकले आणि तरीही पश्चिम विभागात नववा राहून प्लेऑफ, म्हणजे अजिंक्यपदासाठीची बाद फेरी, हुकवली. जुलैमध्ये फीनिक्सने त्याला सोडलं.

यापुढचे दहा महिने सर्वांत गुंतागुंतीचे आहेत आणि दोन वह्यांमधला फरक इथेच सुरू होतो. उन्हाळ्यात ह्यूस्टनने त्याच्याशी पुन्हा करार केला, हंगामपूर्व सामन्यांत त्याला खेळवलं आणि हंगाम सुरू होण्याआधी सोडलं. सामन्यांच्या वहीत या मुक्कामाचा मागमूस नाही, कारण हंगामपूर्व सामने कारकिर्दीत धरले जात नाहीत. ३० ऑक्टोबरला ओक्लाहोमा सिटीच्या रसेल वेस्टब्रुकचा हात मोडला. केव्हिन ड्युरंट पायाच्या दुखापतीने आधीच बाहेर होता. जखमींची रांग इतकी लांबली की लीगने त्या क्लबला पंधराच्या वर सोळावा खेळाडू घेण्याची खास परवानगी दिली. तो सोळावा म्हणजे स्मिथ. वेस्टब्रुक नसताना पॉइंट गार्डचं मुख्य काम रेजी जॅक्सनकडे होतं, स्मिथ त्याच्या मागचा.

१९ फेब्रुवारी २०१५ हा त्या हंगामातला अदलाबदलीचा शेवटचा दिवस. त्या एका दिवसाच्या तीन नोंदी एकत्र वाचायला हव्यात. ओक्लाहोमा सिटीने रेजी जॅक्सनला तीन क्लबांच्या सौद्यात डेट्रॉइटला पाठवलं. त्याच दिवशी स्मिथला न्यू ऑर्लिन्सकडे रवाना केलं. आणि त्याच दिवशी फिलाडेल्फियाने आपला पॉइंट गार्ड मायकेल कार्टर-विल्यम्स, जो आदल्या हंगामातला सर्वोत्तम नवोदित होता, तो मिलवॉकीला देऊन टाकला. न्यू ऑर्लिन्सला स्मिथ नको होता, त्यांनी त्याला एकही सामना न खेळवता सोडलं. फिलाडेल्फियाकडे आता चेंडू पुढे न्यायला माणूस नव्हता, त्यांनी त्याला वेव्हरवरून उचललं. तीन ओळी सुट्या वाचल्या तर एक माणूस दोन-चार दिवसांत दोन क्लबांनी नाकारलेला दिसतो. एकत्र वाचल्या तर फिलाडेल्फियात पडलेली मोकळी जागा आणि ती भरायला गेलेला माणूस दिसतो.

फिलाडेल्फियाचे बास्केटबॉल प्रमुख होते सॅम हिंकी. २०१० मध्ये स्मिथ ह्यूस्टनमध्ये आला तेव्हा हिंकी तिथे कार्यकारी उपाध्यक्ष होते. म्हणजे यादीबाहेरच्या त्या मुलाला शिबिरात बोलावणाऱ्या कचेरीतलाच एक माणूस पाच वर्षांनी त्याला उचलत होता. जुन्या ओळखीमुळेच उचललं, असं कुठला कागद म्हणत नाही. ओळख होती एवढंच कागद सांगतात, उरलेलं अनुमान. पण हेच अनुमान पुढे आणखी दोनदा करावं लागतं, तेव्हा त्याचं वजन वाढतं.

हंगाम संपला, करार संपला. २०१५ च्या उन्हाळ्यात वॉशिंग्टनने घेतलं, ऑक्टोबरमध्ये शिबिराअखेर सोडलं. सामन्यांच्या वहीत हाही मुक्काम नाही. लगेच न्यू ऑर्लिन्सने बोलावलं. फेब्रुवारीत न वापरताच सोडणारा क्लब तो हाच. टायरीक एव्हान्सचा गुडघा आणि नॉरिस कोलचा घोटा यांमुळे आता त्यांच्याकडे गार्ड उरले नव्हते. यावेळी स्मिथ तिथे खरोखर खेळला, आणि चांगला खेळला. म्हणूनच पुढचं पान लिहिलं गेलं.

२४ डिसेंबर २०१५. फिलाडेल्फियाने दुसऱ्या फेरीच्या दोन निवडी न्यू ऑर्लिन्सला दिल्या आणि इश स्मिथला घेतलं. सौद्याच्या एका बाजूला फक्त त्याचं नाव. त्याच्या साऱ्या व्यवहारांत मला सर्वांत मोलाचा वाटतो तो हा कागद. किंमत समजायला संदर्भ हवा. हिंकींचं धोरण जगजाहीर होतं : आज हरा, भविष्यातल्या ड्राफ्ट निवडी साठवा. दुसऱ्या फेरीच्या निवडी ते चिकाटीने गोळा करत. तोच माणूस, ज्याला उन्हाळ्यात फुकट ठेवून घेता आलं असतं त्या खेळाडूसाठी, सहा महिन्यांनी दोन निवडी मोजतो. कारण गुणतक्त्यात आहे. त्या दिवशी फिलाडेल्फियाचा हिशेब होता एक विजय, तीस पराभव. हंगामाची सुरुवातच सलग अठरा पराभवांनी झालेली. ७ डिसेंबरला मालकांनी जेरी कोलँजेलोंना हिंकींच्या वर आणून बसवलं होतं, आणि त्यानंतर माइक डॅन्टोनी प्रशिक्षकांच्या ताफ्यात आले होते. निर्णय हिंकींचा म्हणायचा की कोलँजेलोंचा? तारखांचा क्रम कोलँजेलोंकडे झुकतो, आधीची ओळख हिंकींकडे. दोघांपैकी एकालाच श्रेय देणं घाईचं होईल. गरज मात्र निर्विवाद होती : संघातल्या तरुण उंच खेळाडूंना योग्य वेळी, योग्य जागी चेंडू पोचवणारा कुणी नव्हता.

दोन दिवसांनी, २६ डिसेंबरला फिलाडेल्फिया फीनिक्समध्ये खेळला, म्हणजे स्मिथच्या आणखी एका जुन्या घरी. निकाल फिलाडेल्फिया १११, फीनिक्स १०४. हंगामातला दुसरा विजय. हंगाम संपला तेव्हा हिशेब होता १० विजय, ७२ पराभव. वजाबाकी सोपी आहे : स्मिथ येण्याआधी ३१ सामन्यांत १ विजय, आल्यानंतर ५१ सामन्यांत ९. शेकडा तीनवरून शेकडा साडेसतरा. नऊ विजयांनी कुणाचा संघ थोर ठरत नाही, आणि या फरकाचं सगळं श्रेय एका माणसाच्या पदरात घालता येत नाही. पण एक गार्ड आणल्यावर संघ पुन्हा बास्केटबॉलसारखं काहीतरी खेळू लागला, हे त्या आकड्यांतून स्वच्छ दिसतं. स्मिथचा खेळही तसाच आहे. दुरून तीन गुणांच्या फेकी त्याला फारशा कधी साधल्या नाहीत. त्याच्याकडे वेग आहे. चेंडू हातात असताना तो जवळपास तितकाच वेगवान राहतो जितके बाकीचे चेंडूशिवाय असतात, आणि मध्येच थबकून पंधरा फुटांवरून फेक टाकतो. अख्खा बचाव मागे खेचला गेला की बाजूचा माणूस मोकळा सुटतो.

जुलै २०१६ मध्ये डेट्रॉइटने त्याला तीन वर्षांचा, एक कोटी ऐंशी लाख डॉलरचा करार दिला. सहा वर्षांत नऊ क्लबांकडून खेळल्यावर मिळालेला पहिला लांब पल्ल्याचा कागद. इथे दोन गोष्टी तपासून घ्यायला हव्यात. एक, रक्कम फुगलेली आहे. लीगच्या नव्या टीव्ही कराराचा पैसा त्या वर्षी आला आणि प्रत्येक क्लबची पगाराची मर्यादा सात कोटींवरून एकदम नऊ कोटी एक्केचाळीस लाख डॉलरवर गेली. त्या उन्हाळ्यात सगळ्यांचेच भाव चढले होते. दोन, सही करून घेणारा कोण? डेट्रॉइटचे प्रशिक्षक आणि बास्केटबॉल विभागाचे अध्यक्ष अशी दोन्ही पदं स्टॅन व्हॅन गंडी यांच्याकडे होती. २०१२ मध्ये ऑर्लँडोच्या बाकावर त्याला पाहिलेले तेच. आणि डेट्रॉइटचा मुख्य पॉइंट गार्ड होता रेजी जॅक्सन, ओक्लाहोमा सिटीतला. जॅक्सनचा गुडघा दुखत असल्याने पहिले एकवीस सामने स्मिथनेच सुरू केले. त्या हंगामात तो ८२ पैकी ८१ सामने खेळला. डेट्रॉइटमध्ये तो तीन वर्षं राहिला आणि ती वर्षं शांत गेली. इतिहासकाराला अशा वर्षांबद्दल लिहायला कमी सापडतं, खेळाडूच्या दृष्टीने मात्र तीच सुखाची.

२०१९ च्या जुलैत वॉशिंग्टनने दोन वर्षांचा करार दिला. कारण पुन्हा जखमींच्या यादीत. क्लबचा मोठा खेळाडू जॉन वॉल, त्याच्या टाचेचा स्नायुबंध तुटलेला, संपूर्ण हंगाम बाहेर. त्याच्या जागी वॉशिंग्टनने दोन छोट्या चणीचे गार्ड आणले : आयझाया थॉमस, जो २०११ च्या ड्राफ्टमधली साठावी म्हणजे शेवटची निवड होता, आणि इश स्मिथ, जो २०१० च्या यादीत नव्हताच. नऊ वर्षांपूर्वी न्यू ऑर्लिन्समध्ये ज्याच्या संघाकडून तीस गुणांनी हरला होता आणि त्या यादीत ज्याचं नाव पहिलं होतं, त्याची जागा स्मिथ आता सांभाळत होता. ४ जानेवारी २०२० रोजी वॉशिंग्टनने डेन्व्हरला १२८–११४ असं हरवलं. त्या दिवशीच्या बॉक्स स्कोअरमध्ये स्मिथच्या रांगेच्या टोकाला ३२ हा गुणांचा आकडा आहे, त्याच्या कारकिर्दीतला उच्चांक. पुढच्या हिवाळ्यात वॉल ह्यूस्टनला गेला आणि त्याच्या बदल्यात आला रसेल वेस्टब्रुक. त्याचा हात मोडला म्हणून स्मिथला ओक्लाहोमा सिटीत जागा झाली होती, आता दोघं एकाच संघात. त्या वर्षी प्लेऑफच्या पहिल्या फेरीत वॉशिंग्टन फिलाडेल्फियाकडून ४–१ असा हरला.

विक्रमातल्या मागच्या चौघांबद्दल थोडं लिहायला हवं, कारण तेरा आणि बारा या आकड्यांची तुलना करताना मोजमाप सारखं असावं लागतं. चकी ब्राउनच्या बारा संघांत डॅलस धरलेलं आहे. डॅलसकडून तो एकच सामना खेळला. एक सामना पुरतो. स्मिथचा २०१४ मधला ह्यूस्टनचा सगळा सराव पुरत नाही. मॅसनबर्ग १९९१–९२ च्या एकाच हंगामात चार संघांकडून खेळला. ब्राउन १९८९ चा आणि मॅसनबर्ग १९९० चा, दोघंही ड्राफ्टमधली त्रेचाळिसावी निवड, आणि दोघांनाही अजिंक्यपदाची अंगठी मिळाली, ब्राउनला १९९५ मध्ये ह्यूस्टनकडून, मॅसनबर्गला २००५ मध्ये सॅन अँटोनिओकडून. जिम जॅक्सन १९९२ ची चौथी निवड, जो स्मिथ १९९५ ची पहिलीच. त्या दोघांना अंगठी मिळाली नाही.

जो स्मिथच्या बाबतीत तर भटकंतीचं एक कारण प्रत्यक्ष लेखी स्वरूपात होतं. मिनेसोटाने त्याला कमी पगाराच्या एकेक वर्षाच्या करारांवर राबवून पुढे मोठा करार देण्याचं गुप्त लेखी वचन दिलं होतं. हा कागद उघड झाला आणि ऑक्टोबर २००० मध्ये लीगने क्लबला ३५ लाख डॉलर दंड केला, पहिल्या फेरीच्या पाच निवडी काढून घेतल्या (त्यातल्या काही पुढे परत मिळाल्या) आणि खेळाडूचा करार रद्द केला. जो स्मिथला एका हंगामासाठी डेट्रॉइटला जावं लागलं, नंतर तो मिनेसोटालाच परतला. त्याच्या यादीतल्या डेट्रॉइटच्या ओळीत यातलं काहीच दिसत नाही. दिसतो एक हंगाम आणि काही आकडे. अशा यादीत खेळाडूने कधी काय भोगलं आणि कुणाच्या चुकीमुळे भोगलं, ते गळून जातं.

इश स्मिथ २०२१ मध्ये शार्लटला गेला. जन्मगाव, बारावा संघ, चौघांची बरोबरी. १० फेब्रुवारी २०२२ रोजी शार्लटने मॉन्ट्रेझ हॅरेलसाठी त्याला परत वॉशिंग्टनला दिलं. वॉशिंग्टनची ही तिसरी खेप, आणि इथे प्रेमाने परत बोलावलं असं म्हणायला आधार नाही. पगाराचे आकडे जुळवण्यासाठी तो सौद्यात गेला. पाच महिन्यांनी वॉशिंग्टनने केंटेव्हियस कॉल्डवेल-पोप आणि स्मिथ डेन्व्हरला दिले, मॉन्टे मॉरिस आणि विल बार्टन घेतले. सौदा कॉल्डवेल-पोपचा होता. तो स्मिथबरोबर २०१६–१७ मध्ये डेट्रॉइटलाही खेळला होता, त्यामुळे डेन्व्हर हा दोघांचा तिसरा सामायिक मुक्काम. फेब्रुवारी २०२३ मध्ये डेन्व्हरने आणखी एक गार्ड घेतला : रेजी जॅक्सन. ओक्लाहोमा सिटी, डेट्रॉइट, डेन्व्हर. या दोघांच्या कागदांचीही ही तिसरी गाठ.

१२ जून २०२३ रोजी डेन्व्हरने मायामीला ९४–८९ असं हरवून मालिका ४–१ जिंकली. १९७६ मध्ये एनबीएत आलेल्या या क्लबचं हे पहिलं अजिंक्यपद. त्या प्लेऑफमध्ये स्मिथच्या वाट्याला मोजकीच मिनिटं आली, अनेक सामन्यांत त्याच्या नावापुढे आकड्यांऐवजी तो शेराच आहे. बॉक्स स्कोअरपुरतं पाहिलं तर या विजयात त्याचा हात फारसा दिसत नाही. पण बॉक्स स्कोअर सरावाचा होत नाही. हंगामातले ८२ आणि प्लेऑफमधले २० सामने सोडून उरलेल्या सगळ्या दिवशी मुख्य पाच जणांसमोर प्रतिस्पर्ध्याचा गार्ड बनून कुणीतरी उभं राहावं लागतं. ज्याने जवळजवळ अर्ध्या लीगचे डाव आतून पाहिले आहेत असा माणूस त्या कामाला क्लबने का ठेवला, हे समजायला वेगळ्या पुराव्याची गरज नाही.

नोव्हेंबर २०२३ मध्ये शार्लटने त्याच्याशी पुन्हा करार केला. संघात गार्डांची चणचण होती आणि पुढे लमेलो बॉलचा घोटा दुखावल्यावर ती वाढली. मुख्य प्रशिक्षक होते स्टीव्ह क्लिफर्ड, २०१२ च्या ऑर्लँडोतले साहाय्यक. हिंकी, व्हॅन गंडी, क्लिफर्ड : तीन वेगळ्या शहरांत, तीन वेगळ्या वर्षांत, स्मिथला जवळून पाहिलेल्या तीन माणसांनी पुढे स्वतःचा संघ हाती असताना त्याला घेतलं. एकदा घडलं तर योगायोग म्हणता येईल. तीनदा घडल्यावर ते त्याच्या कामाबद्दलची साक्ष म्हणून मी वाचतो, आणि तेराच्या आकड्यापेक्षा ही साक्ष मला अधिक भरवशाची वाटते. शार्लटने त्या हंगामात २१ सामने जिंकले, ६१ हरले. हंगाम संपल्यावर क्लिफर्डनी मुख्य प्रशिक्षकपद सोडलं. स्मिथच्या नावापुढची एनबीए सामन्याची शेवटची नोंदही त्याच हंगामातली आहे.